मिखाएल एंडेची ‘न संपणारी गोष्ट’: उरलेली अर्धी मुलाला वाचून दाखवू का?

मृण्मयी_श्टुटगार्ट (३ नोव्हेंबर)

नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि खरंच सल्ला हवा आहे.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. रोज रात्री झोपण्याआधी अर्धा तास मी त्याला पुस्तक वाचून दाखवते. सध्या मिखाएल एंडेची ‘न संपणारी गोष्ट’ चालू आहे. पुस्तक जर्मन, १९७९ सालचं, आमच्याच गावातल्या टीनेमान प्रकाशनाचं. मी डोळ्यांनी जर्मन वाचते आणि तोंडाने मराठी सांगते. दिवसभर त्याच्या कानावर जर्मनच असतं, म्हणून हा अर्धा तास मी दुसऱ्या कशालाही देत नाही.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बास्टियान नावाचा दहा-अकरा वर्षांचा जाडा, फिकुटलेला मुलगा. आई वारलेली. वडील दातांच्या कवळ्या बनवणारे. बायको गेल्यापासून घरात असून नसल्यासारखे. शाळेत एक वर्ष नापास, वर्गातली पोरं छळतात. त्यांच्यापासून पळताना तो पावसात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरतो, तांबूस रेशमी बांधणीचं एक पुस्तक उचलून धूम ठोकतो आणि शाळेच्या माळ्यावर जुन्या गाद्यांवर बसून वाचायला लागतो. पुस्तकातल्या राज्याला एक ‘नाही’ गिळत चाललंय. तिथली बालसम्राज्ञी आजारी आहे. तिला कुणी नवं नाव दिलं तरच ती वाचेल, आणि नाव देण्याचं काम फक्त माणसाच्या पोरालाच जमतं. बाराव्या प्रकरणाच्या शेवटी बास्टियान धीर करून नाव ओरडतो आणि थेट पुस्तकाच्या आत जातो.

काल आम्ही तिथे पोचलो. लेकाने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, “आई, संपली ना गोष्ट? सगळे वाचले ना?” त्याने मित्राकडे सिनेमा पाहिलाय, तोही साधारण तिथेच संपतो.

पण प्रकरणं आहेत २६. पुढची चौदा मी एकटीने वाचून काढली आणि पोटात गोळा आला. आत गेल्यावर बास्टियानची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि इच्छेमागे एकेक आठवण पुसली जाते. आधी त्याला देखणं व्हायचं असतं. तो देखणा होतो आणि आपण कधी जाडे होतो हेच विसरतो. मग बळ हवं, मग धाडस, मग मोठेपणा. शेवटी ज्या मित्राने, तिथल्याच आत्रेयूने, त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला त्याच्यावरच तलवार चालवतो.

माझा मुलगा अंगाने भरलेला आहे. वर्गात त्यावरून त्याला बोलतात. त्याने घरी एका शब्दाने सांगितलेलं नाही, मला त्याच्या वर्गातल्या मुलीच्या आईकडून कळलं. आपल्यासारखा दिसणारा नायक त्याला पहिल्यांदाच भेटलाय. तोच नायक पुढे असा वागताना त्याला दाखवू का? की टाळ्यांवरच पुस्तक मिटू?

रानवारा

शीर्षक वाचूनच धावत आले. माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचं पुस्तक. सविस्तर लिहिते रात्री.

कोथरूडकर

मी फक्त सिनेमा पाहिलाय, तोही लहानपणी मामाकडे व्हिडिओ कॅसेटवर. घोडा दलदलीत रुततो तो प्रसंग आजही आठवतो. दुसऱ्या दिवशी मी जेवलो नव्हतो. पुस्तकात अजून चौदा प्रकरणं आहेत हे मला आज, वयाच्या ४४ व्या वर्षी कळतंय!

सईची_आई

मृण्मयी, मी थांबा म्हणेन. आम्ही इंग्रजीतून वाचत होतो, सई तेव्हा साडेआठची. त्या घोड्याच्या प्रसंगालाच ती इतकी रडली की पुस्तक कपाटात वरच्या फळीवर गेलं. पुस्तकात तर तो घोडा बोलतो. आर्टाक्स आपल्या स्वाराला, आत्रेयूला सांगतो की तू जा, माझा शेवट तू पाहू नयेस. सिनेमात निदान मुका आहे. लहान मुलांना सगळं दाखवायची घाई कशाला? बारा वर्षांची झाली की स्वतः वाचतील. नऊ वर्षांच्या मुलाला जिंकल्याचा आनंद घेऊ दे.

दिठी

सईच्या आई, तुमची काळजी पटते, तरी मी अगदी उलट सांगेन. मृण्मयी, वाच. थांबलीस तर त्याच्या हातात चुकीची गोष्ट राहील.

असं बघ. बारा प्रकरणांपर्यंत गोष्ट काय सांगते? कल्पना करा म्हणजे जग वाचेल. हे गोड आहे, पण अर्धंच आहे. एंडेला हे पक्कं माहीत होतं आणि त्याने त्याचं बी पहिल्या भागातच पेरलंय. ग्मोर्क हा लांडगा आत्रेयूला काय सांगतो आठव: त्या ‘नाही’त उड्या टाकणारे तिकडचे जीव माणसांच्या जगात येतात ते असत्य होऊन येतात. भ्रम, भीती, खोट्या आशा होऊन. म्हणजे तीच कल्पनाशक्ती सम्राज्ञीला नाव देते आणि तीच माणसांना फसवते. पुढची चौदा प्रकरणं या एका गोष्टीचा जमाखर्च आहेत.

बास्टियान दुष्ट नाही. ज्याला कधी कुणी जवळ केलं नाही, त्याच्या हातात एकदम सगळं आलं तर काय होईल? तो आधी तेच मागेल जे त्याच्याकडे नव्हतं. देखणेपण, ताकद, लोकांची वाहवा. एकेक मिळत जातं आणि प्रत्येक वेळी त्याला वाटतं की आता झालं. होत नाही. सगळ्या इच्छा संपत आल्यावर, आयुओला नावाच्या बाईंच्या घरात फळं खात, लाड करून घेत राहिल्यावर त्याला शेवटची इच्छा सापडते: आपल्याला कुणावर तरी माया करता यावी. कुणी आपल्यावर करावी ही नव्हे.

आणि माळ्यावरून तो घरी कधी गेलाच नाही ना गं, बाराव्या प्रकरणात! वडील घरी वाट बघतायत. गोष्ट संपली कशी?

पिंपळपान

+१ दिठी. शेवटचा परिच्छेद वाचून काटा आला.

सईची_आई

दिठी, “वडील वाट बघतायत” हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. तरी वयाचा मुद्दा सोडत नाही मी.

म्हापशेकार

थोडं अवांतर. मराठीत ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीही आज्या सांगत असतील. “तुला कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” “सांग.” “सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” “नको.” “नको काय म्हणतोस, कापूसकोंड्याची...” एंडेचं पुस्तक निघण्याआधीच आमच्या घरी न संपणारी गोष्ट होती!

रानवारा

म्हापशेकार, तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत, पण बारावं प्रकरण अक्षरशः कापूसकोंडा आहे! बास्टियान घाबरून नाव उच्चारत नाही, म्हणून बालसम्राज्ञी ‘फिरत्या डोंगरावरच्या म्हाताऱ्या’कडे जाते. तो म्हातारा जे जे घडतं ते लिहितो, आणि तो लिहितो तेच घडतं. ती त्याला सांगते, पहिल्यापासून सांग. मग तो पुस्तकाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो: दुकान, पाऊस, जाडा मुलगा, चोरी, माळा... आणि गोष्ट फिरून पुन्हा म्हाताऱ्यापाशी येते आणि पुन्हा पहिल्यापासून. बास्टियान नाव घेत नाही तोवर ही चरकी थांबणारच नाही. मी पंधराव्या वर्षी हे पान वाचलं तेव्हा घरात एकटी होते, आणि खरोखर मागे वळून पाहिलं होतं की मला तर कुणी वाचत नाहीये ना.

कापूसकोंड्यातून बाहेर पडायचं तर गोष्ट ऐकणाऱ्याने काहीतरी निराळं बोलायला हवं. बास्टियान तेच करतो.

कोथरूडकर

आणि लेखकाचं आडनाव एंडे म्हणजे जर्मनमध्ये ‘शेवट’ ना? शेवट आडनावाच्या माणसाने न संपणारी गोष्ट लिहिली. भारीच.

इझारकाठी

म्युनिकहून लिहितोय. मृण्मयीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित लेखकाच्या घरात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

एंडेचा जन्म १९२९ चा, गार्मिश-पार्टनकिर्शेनचा. वडील एडगर एंडे अतिवास्तववादी चित्रकार. नाझींनी त्यांची कला ‘ऱ्हासाची’ ठरवली आणि १९३६ मध्ये त्यांना चित्रं काढायला आणि मांडायला बंदी घातली. पुढे युद्धात म्युनिकवर बॉम्ब पडले त्यात त्यांची बहुतेक चित्रं जळून गेली. म्हणजे बापाच्या मनोराज्याला गिळणारं ‘नाही’ या मुलाने लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

त्या वडिलांची चित्र काढायची पद्धत विलक्षण होती. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, मन रिकामं करायचं आणि डोळ्यांपुढे आपोआप एखादं चित्र येऊन थांबलं की ते कागदावर उतरवून घ्यायचं. आता शेवटाकडचा भाग आठवा. योर नावाचा आंधळा खाणकामगार बर्फाळ मैदानाखालच्या खाणीतून विसरलेल्या स्वप्नांची चित्रं काढतो. अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखी पातळ. खाली मिट्ट काळोख, सगळं हाताने चाचपून. बास्टियान तोवर सगळं विसरलेला आहे, उरलंय फक्त स्वतःचं नाव. तो दिवसेंदिवस त्या काळोखात चाचपडतो आणि त्याच्या हाती एक चित्र लागतं: पांढरा डगला घातलेला एक माणूस, हातात दातांचा प्लास्टरचा साचा, चेहरा शांत आणि दुःखी, आणि भोवती काचेसारखं बर्फ. तो माणूस कोण हे बास्टियानला कळत नाही. फक्त त्याला त्या माणसाची ओढ लागते, आणि त्या बदल्यात नावही जातं.

मुलाने बापासाठी लिहिलेली इतकी सुंदर पानं मी क्वचित वाचली आहेत. ही पानं तुमच्या मुलाला मिळायला हवीत, एवढंच माझं म्हणणं.

इथे ब्लूटेनबुर्गच्या गढीत आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय आहे, त्यात एंडेचं छोटं संग्रहालय आहे. श्टुटगार्टहून रेल्वेने या एकदा लेकाला घेऊन. त्याची कबरही म्युनिकच्याच वाल्डफ्रिडहोफमध्ये आहे, कांस्याचं भलंमोठं उघडं पुस्तक.

मृण्मयी_श्टुटगार्ट (५ नोव्हेंबर)

इझारकाठी, मी ते खाणीचं प्रकरण वाचलं होतं, पण वडिलांच्या अंधाऱ्या खोलीबद्दल माहीत नव्हतं. सकाळपासून तेच डोक्यात आहे. अजून निर्णय नाही. तूर्त लेकाला मागचीच प्रकरणं पुन्हा सांगतेय, त्याच्याच आग्रहाने.

शून्य_एक

सिनेमाचा विषय निघालाय म्हणून. वोल्फगांग पेटरसनचा, १९८४ चा. एंडेला तो अजिबात पसंत नव्हता. सिनेमाचं नाव तरी बदला म्हणून तो कोर्टात गेला आणि हरला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून त्याने आपलं नाव काढायला लावलं. लेखकाच्या बाजूने विचार केला तर पटतं. ज्या पुस्तकाचा अर्थ उत्तरार्धात आहे, त्याचा पूर्वार्ध घेऊन शेवटी मुलगा ड्रॅगनवर बसून त्रास देणाऱ्या पोरांच्या मागे लागतो! पुस्तकातल्या बास्टियानला नेमकी तीच खोड सोडायला चौदा प्रकरणं लागतात.

कोथरूडकर

अरेच्चा. लहानपणी तो शेवट आम्हाला फार आवडला होता. आता पुन्हा विचार करावा लागणार.

बडोद्याचे_आजोबा

सर्वांचे प्रतिसाद वाचतो आहे. मी हे पुस्तक नातीमुळे वाचले, इंग्रजी भाषांतरातून. राल्फ मॅनहाइम यांचे, १९८३ चे.

बास्टियानच्या गळ्यातील पदकावर, त्या ऑरिनच्या मागील बाजूस, जे वाक्य कोरले आहे त्याचा अर्थ ‘तुला हवे ते कर’. मुलास प्रथम वाटते की मनास येईल ते करण्याची ही मुभा आहे. ग्रोग्रामान सिंह त्यास सांगतो की तसे नाही. स्वतःची खरी इच्छा ओळखून तसे वागणे असा त्याचा अर्थ, आणि त्याहून अवघड काही नाही. मला तेथे ज्ञानोबांचे ‘जो जे वांछील तो ते लाहो’ आठवले. आपण ही ओळ सुटी म्हणतो. परंतु पसायदानात ती मागणी कशानंतर येते पाहा. आधी खळांची व्यंकटी सांडावी, सत्कर्मी रती वाढावी, दुरिताचे तिमिर जावे. मन आधी निवळते, मग वांछा. बास्टियानने क्रम उलटा धरला.

चि. मृण्मयी, मुलास वाचून दाखव. आई शेजारी बसलेली असताना ऐकलेली वाईट गोष्ट मुलास बाधत नाही. एकट्याने वाचलेली बाधते.

सईची_आई

आजोबा, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपुढे माझा हट्ट सोडते. सई आता अकराची आहे. पुस्तक फळीवरून खाली काढलं.

पिंपळपान

या पुस्तकाचं मराठी भाषांतर कुणी करायला घेतलं तर? मृण्मयीताई तोंडी करतातच आहेत. नावं कशी ठेवता? बास्टियान बाल्थाझार बुक्सचा बबन बाळाजी बक्षी करा, तीन ‘ब’ राहतील. आणि दुकानदार कार्ल कोन्राड कोरेआंडरचा काशिनाथ कृष्णाजी कोथमिरे!

रानवारा

कोथमिरे! कोरेआंडर आणि कोथिंबीर, जोडी जमलीय. पण मला गोष्ट जर्मनीतून हलवलेली नको. नोव्हेंबरचा तो गार पाऊस, ती शाळा, तो माळा तिथलाच हवा. ‘तुमच्या नावात तीन ब’ आणि ‘तुमच्या नावात तीन क’ ही त्या दोघांची झटापट मूळ नावांनीही मराठीत तशीच साधते.

दिठी

राज्याचं नाव मात्र मराठीत तयारच आहे. मनोराज्य! दुसरा शब्दच नको. मनोराज्यं करणाऱ्याला आपण नावं ठेवतो, बास्टियानलाही ठेवतात.

मृण्मयी_श्टुटगार्ट

दिठी, मी ‘कल्पनानगरी’ म्हणत होते. आज रात्रीपासून मनोराज्य.

त्या ‘नाही’वर मी फार अडले होते. ‘शून्य’ म्हणून पाहिलं तर लेक म्हणाला शून्य तर आकडा आहे, तो दिसतो. पुस्तकात ते खड्ड्यासारखंही नाही, काळंही नाही. त्याच्याकडे पाहिलं की आपण आंधळे झालो असं वाटतं. शेवटी तोच म्हणाला, “आई, त्याला नुसतं ‘नाही’ म्हण ना. ‘नाही’ आलं, ‘नाही’ने जंगल खाल्लं.” तेव्हापासून तेच.

म्हापशेकार

आत्रेयू नाव मला आपल्या आत्रेयासारखं वाटत आलंय. अत्रींचा कुणी असेल का?

रानवारा

नाद सारखा आहे, पण पुस्तकात अर्थ दिलाय: त्याच्या लोकांच्या भाषेत ‘सर्वांचा मुलगा’. जन्मल्यावर लगेच आईवडील जांभळ्या रानम्हशीने मारले आणि सगळ्या जमातीने मिळून त्याला वाढवलं. एकाला आई नाही आणि बाप असून नाही, दुसऱ्याला दोघंही नाहीत आणि सगळेच आहेत. एंडेने जोडी मुद्दाम लावली आहे.

शून्य_एक

भाषांतराची खरी कसोटी तर पुढेच आहे. मूळ पुस्तकात २६ प्रकरणं आहेत ती रोमन लिपीची २६ अक्षरं म्हणून. पहिलं प्रकरण ए ने सुरू होतं, शेवटचं झेड ने. इंग्रजी भाषांतरातही तसंच राखलंय. प्रत्येक प्रकरणाआधी ते अक्षर चित्रासारखं रेखाटलेलं, पानभर. रोझविथा क्वाडफ्लीग यांनी काढलेली. मराठीत काय करणार? आपली मुळाक्षरं जास्त आहेत.

अक्षरजुळारी

बसलो कागद-पेन्सिल घेऊन. स्वर बाजूला ठेवा. ‘क’पासून धरा. ङ, ञ, ण ही तीन वगळा, मराठीत त्यांनी शब्द सुरू होत नाही.

क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ, त थ द ध न, प फ ब भ म, य र ल व.

मोजा.

शून्य_एक

चार, आठ, बारा, सतरा, बावीस... सव्वीस. सव्वीस!!

म्हापशेकार

‘णमो’ आहे की!

अक्षरजुळारी

णमो प्राकृत, मराठी नव्हे. वगळलेलंच राहू द्या, तीन पिढ्यांचं भलं होईल.

दिठी

थांबा थांबा. याचा अर्थ पुस्तक ‘व’वर थांबेल आणि श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ शिल्लक राहतील. जर्मन पुस्तकात अक्षरं संपतात. मराठीत संपणारच नाहीत. ज्ञ लांबच राहील. बास्टियान परत येतो तेव्हा मनोराज्यात सुरू केलेल्या त्याच्या कितीतरी गोष्टी अर्धवटच असतात, आणि त्या सगळ्या पुऱ्या करायचं वचन आत्रेयू देतो. शिल्लक अक्षरं आत्रेयूची!

रानवारा

आणि बारावं प्रकरण कुठल्या अक्षराचं येतंय पाहिलंत का कुणी? ‘ढ’.

वर्गातला नापास मुलगा, ज्याला सगळे ढ समजतात, तो ज्या प्रकरणात सगळं राज्य वाचवतो त्या प्रकरणाचं अक्षर ढ.

कोथरूडकर

अंगावर शहारा आला. खरंच.

अक्षरजुळारी

छापखान्यात ३१ वर्षं काढली आहेत, आधी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत, मग ऑफसेटवर. म्हणून छपाईचं सांगतो. या पुस्तकाची मूळ आवृत्ती दोन शायांत आहे: माणसांच्या जगातला मजकूर लाल, मनोराज्यातला हिरवा. माझ्या एका गिऱ्हाइकाने जर्मनीहून आणलेली प्रत मी हाताळली आहे. सगळी पानं दोन रंगांत म्हणजे प्रत्येक फर्म्याला दोन प्लेटा, आणि एकरंगी मशीन असेल तर प्रत्येक कागद दोनदा आत घालायचा. दुसऱ्यांदा कागद केसभर सरकला तरी हिरवी ओळ लाल ओळीच्या अंगावर चढते. रजिस्टर, म्हणजे दोन्ही रंग आपापल्या जागी, जुळवताना मशीनमनचा जीव जातो. स्वस्त पेपरबॅकमध्ये म्हणूनच लाल मजकुराच्या जागी तिरका टाइप घालून भागवतात.

पण ते दोन रंग हौस म्हणून नाहीत. मी ती प्रत चाळली तेव्हा मजकूर एक अक्षर कळत नव्हता, जर्मन येत नाही. तरी हिरव्या पानांत मधेच दोन लाल ओळी आल्या की कळत होतं, आता पोराने मान वर केली. पुढेपुढे तो आत गेल्यावर किती तरी पानं लाल ओळ येतच नाही. आणि अगदी शेवटी एकदम लाल. मी म्हटलं, आला घरी. भाषा न येणाऱ्याला छपाईने सांगितलेली ही एकच गोष्ट माझ्या आयुष्यात.

मराठी आवृत्ती कधी निघाली तर मी अक्षरं रेखाटून देईन. फुकट. ‘ढ’ तर आत्ताच डोळ्यांपुढे आहे.

पिंपळपान

काका, हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय.

इझारकाठी

अक्षरांवरून आठवलं. ‘जुन्या सम्राटांचं शहर’ आहे ना, जिथे परतीची वाट हरवलेली माणसं राहतात? सगळ्या आठवणी गेलेली, डोक्यावर कचऱ्याचे डबे नि कार्पेट गुंडाळलेली. माकड त्यांना अक्षरं लिहिलेले फासे खेळायला देतं. त्यांना गोष्ट सांगता येत नाही, कारण गोष्टीला आठवण लागते. म्हणून नुसती अक्षरं टाकत राहायची. कधीतरी एखादा शब्द लागतो. एंडे त्या खेळाबद्दल सांगतो की अनंत काळ खेळलात तर सगळ्या गोष्टी त्यातून निघतील. मला पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक जागा हीच वाटते, दलदल नव्हे.

सईची_आई

सईला दोन रात्रींत नव्वद पानं झाली. दलदल पार केली. रडली, पण पुस्तक मिटू दिलं नाही.

मृण्मयी_श्टुटगार्ट (४ डिसेंबर)

महिन्याने येतेय, रागावू नका. काल पुस्तक पूर्ण झालं. सगळं वाचलं.

बास्टियान पहिल्यांदा आठवण विसरला त्या रात्री लेक उठून बसला. “त्याला सांग ना कुणीतरी, तू जाडा होतास!” मी म्हटलं, आत कुणाला माहीतच नाही. मग त्याने कागद आणला आणि मराठीत यादी सुरू केली. “१. जाडा होता.” “२. पोरं त्रास देत होती.” रोज रात्री बास्टियानने जे गमावलं ते यादीत जायचं. कागद कपाटाच्या दारावर चिकटवलाय. नऊ ओळी झाल्या. शुद्धलेखनाचं बोलू नका, ‘शाळा’चा ‘ळ’ उलटा आहे.

आत्रेयूवर तलवार चालवली त्या रात्री मात्र तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी पुस्तक नको म्हणाला. मी आग्रह केला नाही. तिसऱ्या रात्री स्वतःच उशीखालून काढून दिलं.

आणि खाण. योर, काळोख, पापुद्रे. मी “पांढरा डगला” एवढंच म्हटलं, पुढे “हातात दातांचा...” आणि तो ओरडला, “बाबा! ते त्याचे बाबा आहेत! यादीत आहेत!” धावत कपाटापाशी जाऊन त्याने ओळीवर बोट ठेवलं. बास्टियानला कळत नव्हतं आणि माझ्या पोराला कळत होतं. पलीकडच्या खोलीतून नवरा घाबरून आला, कोण ओरडलं म्हणून. लेकाने त्याला हात धरून बसवून घेतलं आणि पुढची सगळी प्रकरणं तिघांनी ऐकली.

काल रात्री बास्टियान घरी पोचला, वडिलांना सगळं सांगितलं आणि वडील रडले. दिवा मालवल्यावर अंधारात लेकाने मला वर्गातल्या त्या दोन मुलांची नावं सांगितली. गेल्या वर्षापासून चालू होतं. उद्या आम्ही दोघं शाळेत बाईंना भेटायला जातोय.

दिठी

मृण्मयी.

बडोद्याचे_आजोबा

शाबास, बाळा. मुलास माझे आशीर्वाद सांग.

अक्षरजुळारी

त्याला सांगा, उलटा ‘ळ’ आम्ही खिळ्यांवर रोज पाहायचो. छापून आला की सरळ होतो.

आता कामाचं. ‘ढ’ने सुरू होणारं वाक्य तयार झालं का? चित्र त्यावर ठरेल.

मृण्मयी_श्टुटगार्ट

काका, मूळ प्रकरण बर्फाचे कडे कोसळतात तिथून सुरू होतं. लेकाला विचारलं, ‘ढ’ने काय कोसळतं? तो म्हणाला, “ढासळतं.” म्हणून: “ढासळत्या हिमकड्यांचा गडगडाट डोंगरभर घुमत होता.” मोठा ढ काढून यादीच्या शेजारी लावलाय, आणि त्याच्या पोटात एक छोटा जाडा मुलगा बसवलाय, मेणबत्ती घेऊन. फोटो रात्री टाकते. ‘ठ’ अजून अडलाय, कुणाला सुचलं तर सांगा.